हे काय सांगायला हवं का?

माझा दादा नऊ-दहा वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. आई गच्चीवर कपडे वाळत घालायला निघाली आणि जाताजाता त्याला म्हणाली, "फोन वाजला तर बघ रे." फोन वाजला. दादा उठला, फोनसमोर जाऊन उभा राहिला आणि तो वाजायचा थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिला. आई धापा टाकत खाली आली तोवर सगळं शांत. "अरे, उचलला का नाहीस?" "तू बघ म्हणालीस." त्या दिवशी त्याने उद्धटपणाबद्दल मार खाल्ला. पुढची तीस वर्षं हा किस्सा घरात चवीने सांगितला जायचा. दादाही हसायचा, पण बाकीचे हसायला लागल्यावर, एक क्षण उशिरा.

दादाला ऑटिझम आहे हे कळलं तेव्हा तो ४१ वर्षांचा होता. आधी त्याच्या मुलीचं निदान झालं. तिच्या तपासणीत पालकांसाठी प्रश्नांची लांबलचक यादी होती. ती भरताभरता वहिनीने पेन खाली ठेवलं आणि दादाला म्हणाली, "अरे, हे तर सगळं तुझ्याबद्दल विचारतायत." हे अनेक घरांत असंच होतं. मुलाच्या निमित्ताने आई किंवा बाप आरशासमोर येतो.

गेल्या काही वर्षांत मी या विषयावर पुष्कळ वाचलंय, तज्ज्ञांना आणि ऑटिस्टिक माणसांना प्रश्न विचारून भंडावलंय. मी डॉक्टर नाही. घरात हे असताना जे कुणीतरी आम्हाला वेळेवर सांगायला हवं होतं, ते इथे सांगतेय.

सुरुवात शब्दापासूनच करावी लागते, कारण घोळ तिथूनच आहे. मराठीत आपण 'स्वमग्नता' म्हणतो. मूळ शब्दातही 'ऑटोस' म्हणजे ग्रीक भाषेत 'स्वतः'. स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलर या मानसोपचारतज्ज्ञाने १९११ च्या सुमारास हा शब्द स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या एका लक्षणासाठी वापरला. १९२५ मध्ये मॉस्कोत ग्रून्या सुखारेवा या डॉक्टरबाईंनी सहा मुलांची वर्णनं लिहिली, ती आज वाचली तर ऑटिझमचीच वाटतात, पण त्यांच्याकडे फार कुणाचं लक्ष गेलं नाही. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर या मानसोपचारतज्ज्ञाने ११ मुलांवर लेख लिहिला, आणि ब्लॉयलर यांचा शब्द या मुलांना कायमचा चिकटला. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस स्वतःतच मग्न आहे, याला इतरांचं काही पडलेलं नाही. माझा दादा स्वतःत सोडून बाकी सगळ्यात मग्न असतो. कुलपांत, मुख्यतः. जगातल्या कुठल्याही कुलपाच्या आत काय चाललंय हे तो सांगेल, पण स्वतःला भूक लागलीय हे त्याला दुपारी तीनला हात थरथरायला लागल्यावर कळतं. मला स्वतःला 'ऑटिस्टिक' हा उसना शब्दच बरा वाटतो, निदान तो कानावर पडताच चुकीचा अर्थ सांगत नाही.

तर ऑटिझम म्हणजे मेंदूच्या जडणघडणीतला फरक. तो जन्मापासून असतो आणि जन्मभर राहतो. निदान करताना तज्ज्ञ दोन बाजू बघतात. एक, माणसांशी होणारी देवाणघेवाण: संभाषणात आपली पाळी कधी, समोरच्याच्या चेहऱ्यावरून आणि आवाजावरून काय ओळखायचं, ओळखीची मैत्री कशी होते आणि ती कशी टिकते. दुसरी बाजू म्हणजे तेच ते पुन्हा करण्याची ओढ. ठरावीक हालचाली किंवा वाक्यं, ठरलेल्या क्रमात बदल न सोसणं, एखाद्या विषयाचा खोल नाद, आणि आवाज, प्रकाश, स्पर्श यांच्या बाबतीत कमालीची हळवी नाहीतर कमालीची बोथट जाणीव. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये काढलेल्या नियमावलीत पहिल्या बाजूच्या तिन्ही आणि दुसऱ्या बाजूच्या चारांतल्या किमान दोन गोष्टी असाव्या लागतात. त्या लहानपणापासून असाव्या लागतात, आणि त्यांच्यामुळे जगण्यात खरीखुरी अडचण यावी लागते. त्याच नियमावलीत असंही म्हटलंय की ही लक्षणं लहानपणी झाकलेली राहू शकतात आणि माणसाकडून अपेक्षा वाढल्या की वर येतात. शाळा निभावते, कॉलेज निभावतं, आणि लग्न किंवा पहिली नोकरी आली की गाडी अडते, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

'ॲस्पर्गर' हा वेगळा प्रकार पूर्वी मानला जायचा, तोही याच नियमावलीने ऑटिझममध्ये सामावून घेतला. ज्यांच्या नावावरून तो शब्द आला ते व्हिएन्नाचे हान्स ॲस्पर्गर. नाझी काळात त्यांनी काही मुलांना अशा संस्थेत पाठवल्याचं २०१८ मध्ये कागदपत्रांतून पुढे आलं, जिथे अपंग मुलांना मारलं जात होतं. त्यामुळे हे नाव आता बरेच जण टाळतात.

ऑटिझमला 'स्पेक्ट्रम', म्हणजे एक मोठा पट्टा, म्हणतात, पण तो सौम्यपासून तीव्रपर्यंत आखलेला सरळ रस्ता नव्हे. एकाच माणसाचं बोलणं अस्खलित असेल आणि बसचा मार्ग बदलला म्हणून तो दिवसभर कोलमडून पडेल. दुसरी व्यक्ती तोंडाने एक शब्द बोलत नसेल, पण टॅबलेटवर टाइप करून विनोद करत असेल. अमेरिकेत आठ वर्षांच्या मुलांच्या सरकारी पाहणीत ऑटिस्टिक मुलांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मुलांना बौद्धिक अक्षमताही आढळते. अनेकांना जोडीला एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि शांत बसणं अवघड जाणं), अपस्मार, झोपेच्या तक्रारी किंवा चिंता असते. हे मुद्दाम सांगतेय, कारण मी ज्याच्याबद्दल लिहितेय तो नोकरी करणारा, लग्न झालेला माणूस आहे. ज्या घरात २५ वर्षांच्या मुलाला आंघोळ घालावी लागते त्या घराची गोष्ट वेगळी आहे, आणि दादाचं उदाहरण त्यांच्या तोंडावर फेकणं हा अन्याय आहे.

कारणांबद्दल थोडक्यात. एके काळी आयांना जबाबदार धरलं जायचं. आई थंड, मायेला कमी, म्हणून मूल असं झालं, असं म्हणणाऱ्या ब्रुनो बेटलहाइम यांचा १९६० च्या दशकात मोठा बोलबाला होता. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ आणि स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडील. त्यांनी १९६४ मध्येच हे खोडून काढलं होतं. १९७७ मध्ये फोल्स्टीन आणि रटर या संशोधकांनी जुळ्या भावंडांचा अभ्यास केला, तेव्हा आनुवंशिकतेचा वाटा स्पष्ट दिसला. २०१९ मध्ये पाच ठिकाणच्या २० लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवरून तो वाटा सुमारे ८० टक्के निघाला. यात एकच एक जनुक नाही, शेकडो आहेत. लशींचं म्हणाल तर १९९८ चा जो शोधनिबंध या भीतीच्या मुळाशी होता, तो १२ मुलांवरचा होता आणि २०१० मध्ये मासिकाने तो मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा माग काढून २०१९ मध्ये पुन्हा सांगितलं गेलं की गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा ऑटिझमशी संबंध नाही. तरी आयांना बोल लावणं काही थांबत नाही. आता फक्त कारण बदललंय: "आईने मोबाईल दिला हातात, म्हणून."

आता मुख्य मुद्दा.

मराठीत 'मनकवडा' हा किती कौतुकाचा शब्द आहे बघा. न सांगता ज्याला दुसऱ्याच्या मनातलं कळतं तो. आपलं अर्धं बोलणं या भरवशावर चालतं की समोरचा थोडाफार मनकवडा आहे. 'बघू' म्हणजे 'नाही'. 'कशाला उगाच' म्हणजे 'हो, पण अजून एकदा आग्रह कर'. 'तुला हवं ते कर' म्हणजे 'खबरदार'. 'बरं आहे' हे चार सुरांत चार अर्थाने येतं. आपल्याला हे कुणी शिकवलं नाही, ते आपोआप अंगात भिनलं. ज्याच्या अंगात ते आपोआप भिनत नाही, त्याला प्रत्येक वाक्य उलगडून बघावं लागतं, तेही समोरचा पुढचं वाक्य बोलून मोकळा व्हायच्या आत. आपण घाईघाईत, भलत्याच गावी, तिथल्या बोलीत भांडण ऐकतोय अशी कल्पना करा. शब्द सगळे कळतायत, पण नक्की काय बिनसलंय ते कळत नाहीये.

या सगळ्याला बराच काळ सहानुभूतीचा अभाव म्हटलं गेलं. २०१२ मध्ये डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने साधा प्रश्न विचारला: त्यांना आपलं मन कळत नाही म्हणता, पण आपल्याला तरी त्यांचं कुठे कळतं? न समजणं दोन्ही बाजूंनी आहे. मग २०२० मध्ये एडिनबराच्या कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी कानगोष्टींच्या खेळासारखा प्रयोग केला. आठ-आठ जणांच्या साखळ्या, पहिल्याला गोष्ट सांगायची, त्याने पुढच्याला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच टिकली जितकी सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत. मिश्र साखळीत मात्र ती लवकर गळाली. हाच प्रयोग पुढे मोठ्या प्रमाणावर झाला तेव्हा मिश्र साखळीतली ती गळती दिसली नाही, म्हणून मी त्यावर फार भार टाकणार नाही. पण ऑटिस्टिक माणसं आपसात नीट बोलू शकतात, हे दोन्ही वेळा दिसलं. म्हणजे यंत्र बिघडलेलं नाही, वेगळ्या जोडणीचं आहे.

याचा घरातला अर्थ काय? आमच्या घरात सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं वाक्य होतं, "हे काय सांगायला हवं का?" पाहुणे आलेत तर उठून बाहेर ये, हे काय सांगायला हवं का? आई आजारी आहे तर विचारपूस कर, हे काय सांगायला हवं का? या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं आहे. सांगायला हवं. सांगितलं की दादा करतो, आणि विसरत नाही. आम्ही ३० वर्षं तो प्रश्न विचारत राहिलो आणि उत्तर ऐकायला एकदाही थांबलो नाही.

संवेदनांची बाजू बाहेरून सगळ्यात कमी दिसते. माझी भाची पाच वर्षांची असताना आम्ही एका मॉलमध्ये गेलो होतो. स्वच्छतागृहात कुणीतरी हात वाळवायच्या यंत्राखाली हात धरले. ते यंत्र गरजलं आणि भाची जमिनीवर आडवी. कानांवर हात, डोळे गच्च मिटलेले, गळ्यातून एक सलग आवाज. मी तिला उचलायला गेले तर तिने मला चावलं. दारात दोन बायका थांबल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "लाडावून ठेवलंय." वहिनी काही बोलली नाही. ती भाचीच्या शेजारी फरशीवर बसली, पर्समधून कानांवर लावायचे मोठे हेडफोन काढून तिच्या हाताशी ठेवले, आणि दुसऱ्या हाताने त्या यंत्राची वायर ओढून काढली. वीस मिनिटं गेली. भाचीने स्वतःच हेडफोन घातले, उठली, आणि घरी येऊन चार तास झोपली.

हट्ट आणि हे यात फरक आहे. हट्ट करणारं मूल मधूनच डोळा किलकिला करून बघतं, कुणाचं लक्ष आहे का. मागितलेलं मिळालं की हट्ट संपतो. भाचीचं जे झालं त्याला मेल्टडाऊन म्हणतात, आणि त्यात मागणं काहीच नसतं. मेंदूत येणारा माल उतरवून घ्यायला जागाच उरली नाही की असं होतं. समजावणं, ओरडणं, बक्षीस, काहीही त्या वेळी आणखी एक ओझं ठरतं. आवाज कमी करा, दिवा कमी करा, माणसं कमी करा, आणि थांबा. मोठ्यांमध्ये हेच बऱ्याचदा आतल्या आत होतं. माणूस गप्प होतो, नजर कुठेतरी लागते, विचारलेल्याचं उत्तर येत नाही. त्याला शटडाऊन म्हणतात. दादाचं हे होतं तेव्हा आम्ही त्याला 'रुसला' म्हणायचो.

हात फडफडवणं, डोलणं, बोटात काहीतरी फिरवत राहणं, हे बहुतेक वेळा स्वतःला सावरण्यासाठी असतं. दुखापत होत नसेल तर ते थांबवू नका. दादाच्या खिशात एक छोटं पितळी कुलूप असायचं, त्याची कडी तो टकटक उघडमीट करत राहायचा. बाबांनी एकदा ते काढून घेतलं होतं. आता बाबांना त्याचं वाईट वाटतं.

आणखी एक गोष्ट सांगते, त्यासाठी मराठीत फार नेमका शब्द आहे: तंद्री. ऑटिस्टिक माणसाचं लक्ष एका वेळी एकाच गोष्टीत पूर्णपणे उतरतं, असं म्हणणारा एक सिद्धांत आहे, तो डायना मरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. तंद्री लागली की ती खोल असते, आणि ती मोडली की खरंच दुखतं. म्हणून "जेवायला ये" म्हटल्यावर येणारी चिडचिड. म्हणून आयत्या वेळी बदललेला बेत म्हणजे संकट. पंधरा मिनिटं आधी सांगितलं, पाच मिनिटं आधी पुन्हा सांगितलं, की तंद्रीतून पायरीपायरीने वर येता येतं. आमच्याकडे भाचीसाठी हे सगळे अगदी मनापासून करतात. दादासाठी कुणी केलं नव्हतं.

भावंडांबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, म्हणून मी जरा थांबणार आहे. आमच्या घरात दोन मुलं होती, एक 'विचित्र' आणि एक 'समजूतदार'. समजूतदार मी. तीन वर्षांनी लहान असून समजूतदार. शाळेच्या नाटकात मला मोठं काम होतं. पडदा उघडला, मी तिसऱ्या रांगेत बघितलं, आई आणि दादा बसले होते. माइकने शिट्टी मारली, दादाने कान दाबले, आणि माझं दुसरं वाक्य संपायच्या आत आई त्याला घेऊन बाहेर गेली. उरलेला अर्धा तास मी दोन रिकाम्या खुर्च्यांसमोर काम केलं. घरी आल्यावर आई म्हणाली, "तू समजून घे." मी समजून घेतलं. मला दादाचा राग कधीच आला नाही, पण 'समजूतदार' या शब्दाचा अजून येतो. ज्या घरात एका मुलाला जास्त लागतं, तिथे दुसऱ्याला कमी लागतं असं नसतं, ते फक्त मागायचं सोडून देतं. त्याला आठवड्यातला थोडा वेळ असा द्या, जो काहीही झालं तरी रद्द होत नाही. आणि घरात जे चाललंय त्याला नाव आहे, हे त्यालाही सांगा. मला नाव कळलं ते ३८ व्या वर्षी.

नवरा-बायकोच्या नात्यात प्रश्न आणखी अवघड होतो, कारण तिथे न सांगता कळण्यालाच प्रेम समजतात. वहिनीच्या परवानगीने एक प्रसंग सांगते. तिच्या वडिलांना हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. रात्री अकराला ती घरी आली, चपला न काढता सोफ्यावर बसली आणि रडायला लागली. दादा समोर येऊन उभा राहिला आणि त्याने विचारलं, "क्रिएटिनिन किती आलं?" म्हणजे किडनीच्या तपासणीचा आकडा. ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. सकाळी तिला फ्रिजवर एक कागद दिसला. औषधांच्या वेळा, कुठलं औषध कशासोबत घ्यायचं नाही, तीन डॉक्टरांचे नंबर, आणि रात्री हॉस्पिटलमध्ये कुणी थांबायचं याचं १५ दिवसांचं वेळापत्रक. त्यातल्या नऊ रात्री दादाच्या नावावर. "मला कागद नको होता गं, हात हवा होता," वहिनी मला म्हणाली. जरा वेळाने म्हणाली, "पण त्या नऊ रात्री तो खरंच गेला."

या दोन वाक्यांतलं एक खरं आणि दुसरं खोटं ठरवण्याची घाई करू नये. 'तो प्रेम वेगळ्या पद्धतीने करतो, तू समजून घे' असं बायकोला सांगून विषय संपवणारे सल्ले मी बरेच वाचलेत, आणि मला ते पटत नाहीत. तिचा एकटेपणा खरा आहे. त्याची माया खरी आहे. मधला पूल दोघांनी बांधायचा, आणि तो बांधायला साधी, स्पष्ट भाषा लागते.

त्यांनी काय केलं? वहिनीने सूचक बोलणं बंद केलं. हे लिहायला एक ओळ लागली, तिला दोन वर्षं लागली. आता ती घरात शिरतानाच सांगते, "आज मला उपाय नकोत, शेजारी बस आणि हात धर." तो बसतो आणि हात धरतो, घट्ट, कारण हलका स्पर्श त्याला सोसवत नाही. सुरुवातीला तिला वाटायचं, मागून मिळवलेल्या हाताला काय अर्थ? मग तिच्या लक्षात आलं की मागितल्यावर तो एकदाही नाही म्हणालेला नाही. दादाच्या वाट्याचं काम असं की गप्प व्हायच्या आधी त्याने एक वाक्य बोलायचं: "माझं डोकं भरलंय, तासाभराने बोलू." आणि तासाभराने त्यानेच येऊन बोलायचं. भांडण ते लिहून करतात. ती आतल्या खोलीत, तो बाहेर, आणि फोनवर मेसेज. हसू येतं, पण लिहिलेल्यात सूर नसतो, चेहरा नसतो, विचार करायला वेळ असतो, आणि 'तू असं म्हणालासच' हा वाद उरत नाही.

"तुला कसं वाटतंय?" या प्रश्नावर दादा खूप वेळ गप्प राहायचा. आम्हाला वाटायचं टाळतोय. जवळपास निम्म्या ऑटिस्टिक माणसांना स्वतःच्या भावना ओळखून त्यांना नाव देणं अवघड जातं, त्याला ॲलेक्सिथायमिया म्हणतात. भावना असते, कधीकधी इतरांहून मोठी असते, पण ती छातीत जडपणा किंवा पोटात पीळ म्हणून येते, 'दुःख' अशी पाटी लावून येत नाही. "पोटात काही होतंय का?" असं विचारलं तर उत्तर येतं.

आता नोकरी. ब्रिटनमध्ये सरकारसाठी तयार झालेल्या २०२४ च्या बकलँड अहवालात म्हटलंय की कामाच्या वयाच्या दहापैकी सुमारे तीनच ऑटिस्टिक माणसांना नोकरी आहे. सगळ्या अपंगांचा विचार केला तर दहापैकी पाच, आणि अपंगत्व नसलेल्यांत दहापैकी आठ. कामच येत नाही अशी माणसं यात आहेतच, पण पुष्कळजण दारातच अडतात, कारण मुलाखत ही मुळात कामाची परीक्षा नसते. डोळ्यांत बघून हसणं, 'स्वतःबद्दल काही सांगा' याला नेमकं हवं तेवढंच उत्तर देणं, याची ती परीक्षा असते. डेन्मार्कमध्ये तोर्किल सोने यांनी आपल्या ऑटिस्टिक मुलाच्या निमित्ताने २००४ मध्ये 'स्पेशालिस्टर्न' ही कंपनी काढली. तिथे उमेदवारांना गप्पा मारायला न लावता लेगोचे यंत्रमानव बांधायला देत आणि काम बघत. नंतर काही मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांनीही असे मार्ग उघडले. त्यातून एक नवाच गैरसमज तयार झाला, की ऑटिस्टिक म्हणजे कॉम्प्युटरमधला जादूगार. माझ्या ओळखीत एक ऑटिस्टिक नर्स आहे, एक माळी आहे, आणि एक जण आहे ज्याला कशाचाच विशेष नाद नाही आणि साधं, शांत काम हवंय. विलक्षण बुद्धी नसेल तर कामावर हक्क नाही, असा अर्थ यातून निघू नये.

दादा हिशेब तपासणीच्या कामात आहे. त्याचे आधीचे साहेब संध्याकाळी पाचला टेबलाशी येऊन म्हणायचे, "जमलं तर आजच बघून टाका." दादा विचार करायचा: जमतंय का? नाही. आणि सहाला घरी. वर्षाअखेरीच्या शेऱ्यात आलं, 'जबाबदारीची जाणीव कमी, संघभावना नाही.' त्याच वर्षी त्याने दोन मोठ्या चुका पकडल्या होत्या, आणि भर बैठकीत, त्या कुणी केल्या ते सांगून. शेरा अगदीच अन्यायाचा होता असंही मी म्हणणार नाही. ज्याची चूक सर्वांसमोर निघाली त्याला लागलंच असणार. पण 'चूक आधी त्या माणसाला एकट्याला सांगायची, मग बैठकीत' हा नियम दादाला तोवर कुणीही सांगितला नव्हता. हे काय सांगायला हवं का, ऑफिसातही.

नव्या साहेबबाई आल्या. त्यांना ऑटिझमबद्दल काही माहीत नव्हतं, त्यांची सवयच तशी. काम मेलवर, तीन ओळींत: काय हवंय, कधीपर्यंत, कुणाला द्यायचं. दोन कामं एकदम आली तर आधी कुठलं ते लिहिलेलं. बैठकीचे मुद्दे आदल्या दिवशी. दादाने जागा बदलून मागितली, डोक्यावरची ट्यूब गुणगुणते म्हणून. त्यांनी मान वर करून ऐकलं, त्यांना काही ऐकू आलं नाही, तरी जागा दिली. खर्च शून्य. आणि गंमत अशी की त्या तीन ओळींच्या मेलचा फायदा संपूर्ण विभागाला झाला, कारण 'जमलं तर' चा अर्थ इतरांनाही रोज अंदाजानेच लावावा लागत होता.

ऑफिसात सांगावं की नाही, याचं एकच उत्तर नाही. सांगितलं तर सवलत मिळू शकते, आणि बढतीच्या वेळी नाव मागेही राहू शकतं. दादाने मधला रस्ता काढला. निदान सांगितलं नाही, गरज सांगितली: "मला सूचना लिहून मिळाल्या तर चुका कमी होतात." हे वाक्य कुणीही बोलू शकतं.

ज्यांना काहीच सांगता येत नाही ते झाकतात. त्याला मास्किंग म्हणतात. डोळ्यांऐवजी भुवयांच्या मधे बघायचं, हसण्याचा सराव आरशात करायचा, समोरच्याची वाक्यं उचलून वापरायची, हात फडफडू नयेत म्हणून ते मांडीखाली दाबून बसायचं. मुली आणि बायका हे जास्त करतात असं अनेक अभ्यासांत दिसतं, आणि म्हणून त्यांचं निदान उशिरा होतं किंवा त्यांना चिंता-नैराश्याची नावं मिळत राहतात. पूर्वी चार मुलग्यांमागे एक मुलगी असं प्रमाण सांगत, आता तीनाच्या जवळ मानतात, आणि तेही झाकलेल्या मुली धरून आहे याची खात्री नाही. दिवसभर नाटक केल्यावर घरी येऊन माणूस जो कोसळतो तो घरच्यांना दिसतो, आणि बाहेरचे म्हणतात, "आमच्याशी तर छान बोलतो." वर्षानुवर्षं असं चाललं की एक दिवस साध्या गोष्टीही जमेनाशा होतात. दात घासणं, फोन उचलणं, बोलणं. याला ऑटिस्टिक बर्नआउट म्हणतात. यावर आठवड्याची सुट्टी पुरत नाही, अपेक्षांचा भार खरोखर कमी करावा लागतो.

मोठेपणी निदान करून काय मिळतं, असं बरेच लोक विचारतात. दादा जेव्हा तपासणीला निघाला तेव्हा बाबाही म्हणाले होते, "या वयात लेबल कशाला?" लेबल त्याला आधीच होती की. उद्धट, विक्षिप्त, माणूसघाणा. यातली एकही त्याने मागितली नव्हती. तपासणी म्हणजे रक्त काढणं किंवा स्कॅन नसतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ तासन् तास बोलतात, काही ठरावीक गोष्टी करायला देतात, आणि लहानपणाबद्दल घरच्यांना विचारतात. आईला बोलावलं होतं. तिने तो फोनचा किस्सा सांगितला, नेहमीसारखा हसत. समोरची बाई हसली नाही, तिने लिहून घेतला. आई मग बराच वेळ पर्सचा पट्टा गुंडाळत बसली होती.

अहवाल १४ पानी होता. दादाने तो शनिवारी दुपारी वाचला आणि मला फोन केला. "नवव्या पानावर माझी जन्मतारीख चुकलीये," तो म्हणाला. मी म्हटलं, कळवू त्यांना. तो हो म्हणाला. मग गप्प झाला, पण त्याने फोन ठेवला नाही. पलीकडून कुलपाच्या कडीची उघडमीट ऐकू येत होती. मीही ठेवला नाही.